नकोसे यंत्रचलित दूरध्वनी : डाव उलटवताना

जबलपूर – दुपारची वेळ असते. भ्रमणध्वनी वाजतो. तो उचलून 'हॅलो' म्हटल्यावर क्षणभर पलीकडून काहीच ऐकू येत नाही आणि मग एक गोड, ध्वनिमुद्रित स्वर सुरू होतो. आपल्याला कर्ज मंजूर झालेले असते, शहराबाहेरच्या एखाद्या वसाहतीत शेवटचा भूखंड शिल्लक असतो, किंवा आपला क्रमांक दोन तासांत बंद पडणार असतो. अधिक माहितीसाठी एक दाबा, असे तो स्वर सांगतो. जबलपूरमध्ये तो हिंदीत बोलतो, नागपुरात कधी हिंदीत तर कधी मराठीत. आशय तोच असतो. ग्राहक वैतागून फोन बंद करतो. दुसऱ्या दिवशी वेगळ्या क्रमांकावरून तोच स्वर पुन्हा येतो.

अशा दूरध्वनींना बोलीभाषेत 'रोबोकॉल' हे नाव रूढ झाले आहे. भारतीय नियमांत त्यांचा समावेश 'अनाहूत व्यापारी संदेश' या व्यापक वर्गात होतो. अनाहूत म्हणजे न बोलावता आलेला. सरकारी परिभाषेचे भाषांतर करताना मूळ शब्दाहून नेमका मराठी शब्द हाती लागण्याचे प्रसंग विरळा, त्यांपैकी हा एक म्हणावा लागेल. आगंतुक पाहुणा बंद दार पाहून निदान परत जातो. हा पाहुणा दार उघडेपर्यंत दुसऱ्या नावाने येत राहतो.

फोन बंद करणे हा बचाव झाला. फोन करणाऱ्यालाच त्याची किंमत मोजायला लावणे, म्हणजे त्याचा डाव त्याच्यावर उलटवणे, हा वेगळा विषय आहे. त्याचे काही मार्ग गमतीचे आहेत, काही कायद्याचे, आणि काही अंगाशी येणारे.

क्षणभराची शांतता

हा व्यवसाय चालतो तो 'ऑटो डायलर' नावाच्या संगणकीय प्रणालीवर. हजारो क्रमांकांची यादी तिच्यात भरली की ती एकाच वेळी अनेक क्रमांक फिरवते. उचलला न गेलेला फोन ती सोडून देते. कोणी उचललाच तर एकतर ध्वनिमुद्रित मजकूर ऐकवते किंवा मोकळ्या बसलेल्या कर्मचाऱ्याकडे तो फोन जोडून देते. सुरुवातीची क्षणभराची शांतता असते ती यासाठीच. पलीकडे माणूस आहे की उत्तर देणारे यंत्र, याचा अंदाज प्रणाली घेत असते किंवा मोकळा कर्मचारी शोधत असते.

ग्राहकाने एखादा अंक दाबला की त्याच्या क्रमांकापुढे नोंद होते : क्रमांक चालू आहे, माणूस ऐकतो, प्रतिसादही देतो. अशा क्रमांकाची किंमत यादीत वाढते. 'यापुढे फोन नको असल्यास नऊ दाबा' या सूचनेचाही बेकायदा फोनच्या बाबतीत हाच परिणाम होतो.

या उद्योगाचे अर्थकारण एका वाक्यात सांगता येते. हजार लोकांना त्रास देण्याचा खर्च एका माणसाच्या होकारातून भरून निघतो. भारतात मे २००३ पासून फोन करणाऱ्यानेच शुल्क भरण्याची पद्धत लागू झाली आणि येणारा फोन विनामूल्य झाला. सामान्य माणसाच्या हाती भ्रमणध्वनी आला तो त्यामुळे, हे खरेच आहे. मात्र त्यानंतर दर उतरत गेले आणि १ जानेवारी २०२१ पासून एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला फोन पोहोचवण्याबद्दल द्यायचे शुल्कही शून्य झाले. फोन करणाऱ्याचा खर्च नगण्य झाला. ऐकणाऱ्याचा वेळ मात्र पूर्वीइतकाच महाग राहिला. डाव उलटवण्याचा प्रत्येक मार्ग या असमतोलावर घाव घालतो, निदान घालू पाहतो.

स्लीमनचे जबलपूर

फसवणुकीविरुद्ध डाव उलटवण्याच्या बाबतीत जबलपूरला जुना इतिहास आहे. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम हेन्री स्लीमन याने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात ठगांविरुद्धची मोहीम चालवली ती प्रामुख्याने याच शहरातून. कटनीच्या वाटेवरील स्लीमनाबाद हे गाव आजही त्याचे नाव सांगते. ठगांची पद्धत सर्वपरिचित आहे : वाटसरूंशी गोड बोलायचे, सोबत करायची, विश्वास संपादन करायचा आणि मग गळा आवळायचा.

स्लीमनचे मुख्य हत्यार होते माफीचा साक्षीदार. पकडलेल्या ठगाकडून साथीदारांची नावे, वाटा, पुरण्याच्या जागा यांची माहिती काढायची, ती दुसऱ्याच्या जबाबाशी ताडून पाहायची आणि लिहून ठेवायची. ठगांच्या सांकेतिक बोलीचा शब्दसंग्रह त्याने 'रामसीआना' या नावाने १८३६ मध्ये कलकत्त्यात छापला. ज्या बोलीमुळे ठग ओळखू येत नसत, तिच्यावरूनच ते आता ओळखले जाऊ लागले. माफीचे साक्षीदार आणि त्यांची मुले यांच्यासाठी जबलपूरमध्ये उद्योगशाळा निघाली आणि तेथे तंबू व गालिचे तयार होऊ लागले. ठगीचे हे चित्र वसाहतवादी सत्तेने कितपत फुगवले, याविषयी आजच्या इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

योगायोगाची आणखी एक बाब अशी की दूरसंचार अभियंत्यांना घडवणारी देशातील एक जुनी संस्थाही जबलपुरातच आहे. १९४२ मध्ये सुरू झालेले हे प्रशिक्षण केंद्र आज भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते.

कर्ज विकण्यासाठी फोन करणारा प्रत्येक जण ठग नसतो, हे वेगळे सांगायला नको. कित्येकदा पलीकडे जबलपूर, अकोला किंवा रायपूरसारख्या शहरातून आलेला, रोजच्या होकारांची संख्या पुरी करू पाहणारा पदवीधर बसलेला असतो. त्याला शिव्या दिल्याने यादीतून नाव जात नाही.

बोलत राहणारे आजोबा

परदेशात या विषयावरचा सर्वांत गमतीदार प्रयोग 'लेनी' या नावाने प्रसिद्ध आहे. लेनी हा ऑस्ट्रेलियन धाटणीच्या इंग्रजीत बोलणारा वयोवृद्ध गृहस्थ. त्याला नीट ऐकू येत नाही, तो आपल्या मुलींविषयी सांगतो, मध्येच बदके ओरडू लागतात म्हणून फोन धरायला सांगतो. वस्तुतः लेनी म्हणजे सोळा ध्वनिमुद्रित वाक्यांचा संच. समोरचा बोलायचा थांबला की पुढचे वाक्य वाजते, संच संपला की पुन्हा फिरून येतो. बुद्धिमत्ता म्हणावी असे त्यात काहीच नाही. तरीही फ्रान्समधील यूरेकॉम या संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सादर केलेल्या अभ्यासात असे २०० संवाद तपासले तेव्हा त्यांची सरासरी लांबी दहा मिनिटांहून अधिक भरली आणि आपण यंत्राशी बोलत आहोत हे केवळ सुमारे ५ टक्के विक्रेत्यांनी ओळखल्याचे दिसून आले.

विक्रेत्याने पाठ केलेला मजकूरही एक प्रकारचे ध्वनिमुद्रणच असते, हे या यशाचे रहस्य. तो उत्तर ऐकत नाही, आपल्या पुढच्या वाक्यासाठी जागा शोधत असतो. आपल्याकडे असे आजोबा तयार करायचे झाल्यास त्यांना समोरच्याचे गाव, आडनाव आणि पगार विचारण्यापलीकडे फारसे काही शिकवावे लागणार नाही.

हीच कल्पना ब्रिटनमधील ओटू या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुढे नेली. 'डेझी' नावाच्या आभासी आजीबाई विणकाम आणि मांजर यांविषयी बोलत राहतात. त्यांनी फसवणूक करणाऱ्यांना काही वेळा ४० मिनिटांपर्यंत फोनवर गुंतवून ठेवल्याचे कंपनीने सांगितले. तेवढा वेळ दुसऱ्या कोणा खऱ्या आजीबाई वाचतात, हा त्यामागील हिशेब.

या मार्गाची मर्यादाही स्पष्ट आहे. पलीकडे माणूस असेल तरच त्याचा वेळ वाया जातो. निव्वळ ध्वनिमुद्रित संदेश असेल तर एक यंत्र दुसऱ्याशी बोलत राहते आणि खर्च कोणाचाच वाढत नाही. सामान्य ग्राहकाने स्वतः लेनी होण्याचा प्रयत्न करणे तर श्रेयस्कर नाहीच. बोलता बोलता नाव, वय, बँक अशी माहिती निसटण्याचा धोका असतो. उलट फोन करून जाब विचारण्यातही अर्थ नसतो, कारण पडद्यावर दिसलेला क्रमांक बनावट असू शकतो आणि तो खरोखर ज्याचा आहे त्याला यातले काहीच ठाऊक नसते. परदेशातून येणारे, पण भारतीय क्रमांक दाखवणारे असे फोन रोखणारी यंत्रणा केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच १ कोटी ३५ लाख फोन अडवले गेल्याचे सरकारने जाहीर केले होते.

बिल पाठवणारे ग्राहक

ब्रिटनमध्ये लीड्स येथील एका रहिवाशाने २०११ मध्ये स्वतःसाठी एक सशुल्क क्रमांक घेतला. या क्रमांकावर फोन करणाऱ्याला मिनिटाला दहा पेन्स मोजावे लागत आणि त्यातील बहुतांश वाटा क्रमांकधारकाला मिळे. विक्री कंपन्या आणि बँकांनी क्रमांक मागितला की तो हाच देत असे. विक्रीचे फोन त्याला हवेहवेसे वाटू लागले आणि पुढील दोन वर्षांत त्याने सुमारे ३०० पौंड कमावले. त्याच देशात दुसऱ्या एका ग्राहकाने विक्रेत्यांना आधीच बजावले की आपल्या वेळेचे मिनिटाला दहा पौंड आकारले जातील. फोन आल्यावर त्याने ध्वनिमुद्रण करून बिल पाठवले, प्रकरण लघुवाद न्यायालयाकडे नेले आणि २०१२ मध्ये त्याला १९५ पौंड व खर्च मिळाला.

अमेरिकेत याला कायद्याचाच आधार आहे. १९९१ च्या दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्यानुसार नियमबाह्य यंत्रचलित फोनसाठी ग्राहक थेट दावा लावू शकतो आणि त्याला प्रत्येक फोनमागे ५०० डॉलर, हेतुपुरस्सर उल्लंघन असल्यास १,५०० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मतदारांना तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांच्या बनावट आवाजात फोन गेल्यानंतर, कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला आवाजही या कायद्याच्या कक्षेत येतो, असा निर्णय तेथील दळणवळण आयोगाने फेब्रुवारीत दिला.

भारतात ग्राहकाने पाठवलेल्या बिलाला असा आधार नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या विनियमांत दंड आणि जोडणी तोडण्याची तरतूद आहे. ज्याचा वेळ गेला त्याला भरपाई देण्याची नाही. भरपाईसाठी वेगळे दार ठोठवावे लागते, ते ग्राहक आयोगाचे.

ते दार एकदा जोरात वाजले होते. दिल्लीतील एका महिलेच्या तक्रारीवरून तेथील राज्य ग्राहक आयोगाने २००६ मध्ये एक दूरसंचार कंपनी, कंपन्यांची संघटना आणि दोन बँका यांच्यावर मिळून ७५ लाख रुपयांचा भार टाकला. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय बाजूला सारला आणि कंपन्यांना दाद मागायची असेल तर त्यांनी राष्ट्रीय आयोगाकडे अपील करावे, असे सांगितले. नकोशा फोनच्या विषयात पाच वर्षांनंतरही वाद कोणत्या दारात चालवायचा हाच होता, ही बाब बोलकी आहे. दूरसंचार सेवेविषयीची तक्रार ग्राहक आयोग ऐकू शकतो काय, हा प्रश्न तर फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाली निघाला; सर्वोच्च न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. जबलपूरच्या ग्राहकाला त्यासाठी आता जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि अपील भोपाळला करता येते.

नोंदवहीपासून दहा दिवसांच्या हिशेबापर्यंत

नियमांचा प्रवास लांबचा आहे. २००५ मध्ये एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. जून २००७ मध्ये ट्रायने पहिले विनियम काढले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'फोन करू नये' अशी इच्छा नोंदवण्याची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. नोंदणी झाली, फोन थांबले नाहीत. २०१० मध्ये तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांना एका महत्त्वाच्या बैठकीतच गृहकर्ज देऊ करणारा फोन आला तेव्हा दिल्लीत चक्रे एकाएकी वेगाने फिरू लागली. अर्थमंत्र्यांना कर्ज विकू पाहणाऱ्या त्या अज्ञात विक्रेत्याने ग्राहक चळवळीची मोठीच सेवा केली, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच वर्षी नवे, अधिक कडक विनियम आले. जुलै २०१८ मध्ये ते पुन्हा बदलले आणि प्रत्येक व्यापारी संदेशाचा मागोवा ठेवण्यासाठी 'ब्लॉकचेन' तंत्रावर आधारित नोंदणी अनिवार्य झाली.

चोख नोंदणी केलेल्या विक्रेत्यांवर याचा परिणाम झाला. ज्यांनी नोंदणीच केली नाही, साधी दहा अंकी जोडणी घेऊन जे धंदा करत राहिले, त्यांच्यावर नाही. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत अशा विनानोंदणी विक्रेत्यांविरुद्ध ७ लाख ९० हजारांहून अधिक तक्रारी आल्या. १३ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने त्यांच्या सर्व जोडण्या तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचा आदेश कंपन्यांना दिला. सप्टेंबरच्या आरंभापर्यंत २ लाख ७५ हजारांहून अधिक क्रमांक तोडले गेले. ऑगस्टमध्ये १ लाख ८९ हजार असलेल्या तक्रारी ऑक्टोबरमध्ये १ लाख ५१ हजारांवर आल्या. घट झाली, पण उपद्रव संपला असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने खरा बदल १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने झाला. पूर्वी एका क्रमांकाविरुद्ध सात दिवसांत दहा जणांनी तक्रार केली तरच कारवाई सुरू होई. आता दहा दिवसांत पाच जणांची तक्रार पुरते. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. विनानोंदणी विक्रेत्यावर कंपनीने कारवाई करण्याचा अवधी ३० दिवसांवरून पाच दिवसांवर आला. पहिल्या उल्लंघनाला विक्रेत्याच्या सर्व जोडण्यांवरून बाहेर फोन करण्याची सोय १५ दिवस बंद होते, पुन्हा केल्यास वर्षभरासाठी जोडण्याच तुटतात. ऑटो डायलर किंवा ध्वनिमुद्रित फोन वापरायचे असल्यास तसे दूरसंचार कंपनीला आधी कळवणे बंधनकारक झाले आहे. तक्रारींचे आकडे चुकीचे दाखवणाऱ्या दूरसंचार कंपनीलाही २ लाख, ५ लाख आणि १० लाख रुपये असा चढता दंड आहे.

पाच हा आकडा लहान आहे आणि त्याचे महत्त्व त्यातच आहे. जबलपूरमधील एखाद्या मोहल्ल्यात एकाच भूखंडाचा फोन एकाच क्रमांकावरून पाच घरी गेला आणि पाचही घरांनी तक्रार केली तर तो क्रमांक बंद पडू शकतो. चार घरांनी नुसताच फोन ठेवून दिला तर पाचव्याची तक्रार एकटी पडते.

भोपाळमधील एक खोली

यंत्रचलित फोनचा सर्वांत घातक प्रकार विक्रीचा नसतोच. 'ट्रायकडून बोलत आहोत, आपला क्रमांक दोन तासांत बंद होईल, नऊ दाबा' असा संदेश येतो. नऊ दाबले की माणूस बोलू लागतो, तो दुसऱ्या 'अधिकाऱ्या'कडे जोडून देतो आणि पुढे चित्रफोनवरील तथाकथित 'डिजिटल अटक' सुरू होते. ग्राहकाला क्रमांक बंद करण्याबाबत ट्राय स्वतः कधीही फोन करत नाही आणि डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये भोपाळच्या अरेरा कॉलनीत एका व्यावसायिकाला याच पद्धतीने सुमारे सहा तास खोलीत अडकवून ठेवण्यात आले होते. ट्रायच्या विधी विभागातून बोलत असल्याची बतावणी त्याच्याशी करण्यात आली होती. पोलिसांना सुगावा लागला आणि मध्य प्रदेशच्या सायबर पोलिसांचे पथक फोन चालू असतानाच घरात पोहोचले. त्यांनी पडद्यावरील तोतया अधिकाऱ्यांनाच ओळखपत्र दाखवायला सांगितले. समोरच्यांनी तत्काळ फोन तोडला. सहा तास एका माणसाला जागचे हलू न देणारा धाक या एका प्रश्नापुढे टिकला नाही. पैसा गेला नव्हता. वेळेवर कोणी पोहोचले नसते तर तो जाण्याच्याच वाटेवर होता.

तक्रार करताना

यंत्रचलित फोन आला तर कोणताही अंक न दाबता तो बंद करावा आणि क्रमांक, तारीख व काय सांगितले ते एका ओळीत टिपून ठेवावे. एवढी माहिती तक्रारीला पुरते. ती १९०९ या क्रमांकावर फोन करून किंवा लघुसंदेश पाठवून, दूरसंचार कंपनीच्या अॅपवरून अथवा ट्रायच्या डीएनडी अॅपवरून देता येते. विनानोंदणी विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी नोंदवहीत आधी नाव असण्याची अट आता राहिलेली नाही. सर्वच विक्रीचे संदेश बंद करायचे असल्यास १९०९ वर रोमन लिपीत 'स्टार्ट' आणि पुढे शून्य असा लघुसंदेश धाडावा. बँका, जमीनजुमला, शिक्षण, आरोग्य असे निवडक वर्गही वेगळे बंद करता येतात.

क्रमांकाचा आरंभ पाहण्याची सवय लावून घेणे उपयुक्त ठरते. नोंदणीकृत विक्रेत्याचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच यावा असा नियम आहे, तर बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवली आहे. रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२५ मध्ये बँकांना हीच विभागणी पाळण्यास सांगितले. साध्या दहा अंकी क्रमांकावरून कोणी कर्ज विकत असेल तर तो विक्रेता नियमाबाहेर आहे, हे तेवढ्यावरूनच कळते.

फसवणुकीचा संशय असलेला फोन, पण पैसे गेलेले नाहीत, अशा वेळी संचार साथी संकेतस्थळावरील 'चक्षू' या सुविधेवर माहिती द्यावी. ती मार्च २०२४ पासून उपलब्ध आहे. पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर फोन करावा. रक्कम दुसऱ्या खात्यात अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते, म्हणून नातेवाइकांशी सल्लामसलत नंतर आणि फोन आधी.